बासष्ट टक्के

श्यामला उत्तरपत्रिका तपासायला बसली की शिक्षकांच्या खोलीत तिला कुणी हाक मारत नसे. एकवीस वर्षं ती कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवत होती. पेपर हातात घेतला की पोरगी कुठे अडखळली, कुठे घाबरली, कुठे शेजारणीच्या पेपरात डोकावली, हे तिला समोर बसून पाहिल्यासारखं कळायचं. "बाईंच्या लाल पेनाला डोळे आहेत," असं मुली म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं. एवढं सगळं असून स्वतःच्या लेकीची एकही उत्तरपत्रिका तिने दीड वर्षात उघडून पाहिली नव्हती. टक्के तेवढे पाहिले होते.

टक्के मात्र तिला तोंडपाठ होते.

तिची लेक इरावती वारणानगरच्या पुढे, माळावरच्या सरनौबत सैनिकी महाविद्यालयात बारावीला होती. दहावीत चौऱ्याण्णव टक्के मिळाल्यावर "मला फौजेत जायचंय, अधिकारी म्हणून" असं तिने सांगितलं, तेव्हा श्यामला आणि गुरुप्रसाद यांचा घटस्फोट होऊन तीन वर्षं उलटली होती. गुरुप्रसादचं उद्यमनगरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं आणि तो शिवाजी पेठेतल्या आपल्या घरी राहत होता. श्यामला फुलेवाडीत फ्लॅट घेऊन राहत होती. लेकीचा ताबा आईकडे. बाबाने महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायचं, असं ठरलेलं. महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेल्यावरही तेच चालू राहिलं. दुसरा रविवार बाबाचा, चौथा आईचा.

अकरावीचे पहिले दीड महिने कुणालाच भेटू देत नाहीत, तसा तिथला नियम. त्यानंतरच्या पहिल्या परीक्षेत इरावतीला एक्क्याऐंशी टक्के पडले. मग बाबाच्या दोन भेटी झाल्या आणि लहान चाचणीत चौऱ्याहत्तर आले. श्यामलाने लगेच आपल्या वकील संयोगिताबाईंना फोन लावला. भेटींमुळे पोरीचं चित्त विचलित होतं, असा मुद्दा निघाला. सहामाही होईपर्यंत गुरुप्रसादने भेटायला जायचं नाही, असं ठरलं. तो चडफडत कबूल झाला.

आणि सहामाहीत इरावतीला पडले चोपन्न.

आता उसळायची पाळी गुरुप्रसादची होती. बापापासून तोडलं म्हणून पोरीचं नुकसान झालं, तेव्हा तिला तिथून काढून कोल्हापुरातल्या साध्या कॉलेजात घालावं आणि ताबा माझ्याकडे द्यावा, असा अर्ज त्याने कोर्टात टाकला. अर्जाला त्याच्या वकिलाने इंटरनेटवरून काढलेला एक लेख जोडला होता. आईबाप वेगळे झालेली मुलं सैनिकी शिक्षणात मागे पडतात, असं कुठल्याशा परदेशी विद्यापीठाने म्हटलं होतं. त्यात आलेख होते, टक्केवारी होती. श्यामलाने तो लेख दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना तिला वाटलं, आलेख तर मलाही काढता येतो.

तिने तक्ता केला. पहिल्या रकान्यात बाबाच्या भेटीची तारीख, दुसऱ्यात त्यानंतरच्या चाचणीचे गुण. नीट आखलेला, सुबक. फक्त चोपन्नाची ओळ त्यात बसेना. त्या काळात बाबा आलाच नव्हता आणि गुण तर सगळ्यांत खाली गेले होते. तेव्हा पोरीला ताप होता, असं श्यामलाने स्वतःला सांगितलं आणि ती ओळ गाळली. संयोगिताबाई तक्ता बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही चुकून मास्तर झालात. वकील व्हायचं होतं." त्या रात्री श्यामलाला छान झोप लागली.

पण जानेवारीपासून पोरीच्या गुणांनी दोन्ही वकिलांची पंचाईत करून टाकली. बासष्ट. मग एकसष्ट. मग पुन्हा बासष्ट. बाबा आला तरी बासष्ट, नाही आला तरी बासष्ट. अकरावी संपली, बारावीची सहामाही झाली, बासष्ट काही हलेना. अर्ज कोर्टात तसाच पडून राहिला, तारखांवर तारखा पडत गेल्या.

नोव्हेंबरात महाविद्यालयातून फोन आला. सहामाहीचे पेपर पालकांना दाखवणार आहेत, शनिवारी या. कमांडंटसाहेबांना बोलायचंय.

शनिवारी ती पोचली तर कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर गुरुप्रसाद बसलेला.

"तू पण आलीस व्हय?" तो म्हणाला.

"मला बोलावलंय."

"मला बी बोलावलंय की."

बाकाच्या दोन टोकांना दोघं बसले. इतक्यात वसतिगृहावरची तानाबाई चहाचा ट्रे घेऊन आली. पन्नाशीची, ठसठशीत बाई. पोरींचं दुखणं-खुपणं, हरवलेले मोजे, घरची आठवण, सगळं तिच्या पदराला बांधलेलं.

"इरावतीचं आईबा न्हवं तुमी? घ्या, च्या घ्या." मग दोघांच्या मध्ये उभी राहून ती म्हणाली, "येक इचारू? समद्या पोरी निकालाच्या दिवशी देवाला हात जोडत्यात, नखं खात्यात. ही आपली निवांत. गेल्या बारीला मी म्हटलं, इरा, भ्या वाटत न्हाय व्हय? तर म्हनली, मावशी, बासष्ट पडणार. आनि तेवढंच पडलं की वो! तिला आदीच कसं ठावं असतंय?"

गुरुप्रसाद हसला. श्यामलालाही क्षणभर हसू आलं. मग तिच्या मनात काहीतरी खुट्ट झालं, पण तेवढ्यात आत बोलावलं.

कमांडंट, निवृत्त कर्नल विजयसिंह, मोजकं बोलणारे. समोर इरावतीची फाईल उघडी होती.

"तुमची मुलगी मैदानावर पहिल्या पाचात आहे. अडथळ्यांच्या शर्यतीत तर मुलांना मागे टाकते. पण एनडीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारी खास तुकडी आम्ही जानेवारीत निवडतो आणि तिथे सत्तर टक्क्यांची अट आहे. ती बसत नाही. मला वाईट वाटतंय." त्यांनी चष्मा काढला. "शिक्षकांनी शेरा लिहिलाय तो वाचून दाखवतो. 'घर तुटलेले. गुणांवर परिणाम.' अशी सहा मुलं आहेत आमच्याकडे. आम्ही समजून घेतो."

श्यामलाने मान हलवली. गुरुप्रसादनेही हलवली. साडेचार वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. पोरीचं नुकसान घटस्फोटाने झालं, हे दोघांना मान्य होतं. वाद उरला होता तो फक्त घटस्फोट कुणामुळे झाला, एवढ्यावर.

"सर, हिनं मला दोन महिने भेटू दिलं नाही, तवापासनं—"

"तू भेटून काय बोलायचास तिच्याशी, ते सांग ना आधी सरांना. आईविरुद्ध कान भरायचास."

"मी कान भरतो? आणि तू तक्तं करतीस ते?"

कर्नलसाहेबांनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. शाळेतल्या भांडकुदळ पोरांसारखे दोघं गप्प झाले. "पेपर बघून घ्या," ते म्हणाले. "सात नंबरच्या वर्गात."

गुरुप्रसादला पेपरातलं काही कळत नव्हतं. तो वर्गाच्या दारातूनच मैदानाकडे वळला. श्यामला बाकावर बसली आणि तिने सवयीने सगळ्यात आधी गणिताचा पेपर ओढला.

पहिली चार पानं नेटकी होती. पायऱ्या सगळ्या मांडलेल्या, अक्षर स्वच्छ. असा पेपर तपासायला मिळाला की दिवस चांगला जातो. मग पाचवा प्रश्न आला. सहा मार्कांचं गणित, त्यात एकात दुसरं दडलेलं, भल्याभल्यांना घाम फोडणारं. इरावतीने ते सोडवलं होतं. श्यामलाने ओळ न् ओळ बघितली. उत्तर बरोबर होतं. आणि त्या पूर्ण गणितावर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी धरून एक सरळ रेघ ओढलेली होती. खाली लिहिलं होतं, 'रद्द'.

चूक झाली म्हणून खोडणारं पोर कसं खोडतं, ते श्यामलाला चांगलं माहीत होतं. ते गिरगटतं, कागद फाटेपर्यंत. पट्टी घेऊन कुणी खोडत नाही.

तिने पान उलटलं. सातव्या प्रश्नातले दोन उपप्रश्न, बरोबर, रद्द. मग भौतिकशास्त्राचा पेपर काढला. शेवटची दोन उदाहरणं बरोबर, रद्द. इंग्रजीत दीड पानाचा निबंध, चांगला लिहिलेला, रद्द. रसायनशास्त्रात मात्र खोडलेलं फारसं नव्हतं, तिथे पोरीला मुळातच कमी येत होतं. श्यामलाने पेन्सिलीने मार्क मोजले. खोडलेलं धरलं असतं तर बहात्तर टक्के होत होते. पोरीने पेपर लिहिता लिहिताच हिशोब मांडला होता आणि बरोबर बासष्टावर आणून थांबवला होता.

यानंतर श्यामलाने जे केलं, त्याची लाज तिला पुढे किती दिवस वाटत राहिली. तिला रडू आलं नाही. पोरीची काळजी वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते असं, की हे कोर्टात दाखवता येईल. बापाच्या अर्जाच्या धसक्याने पोरगी मुद्दाम मार्क घालवतेय. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? तिने मोबाईल काढला, खोडलेल्या पानांचे चार फोटो काढले आणि संयोगिताबाईंना पाठवले. खाली लिहिलं, 'मुद्दाम खोडलंय. सविस्तर बोलते.'

मग ती इरावतीला शोधायला निघाली.

इरावती भोजनगृहात एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. केस बारीक कापलेले, खाकी गणवेश, पाठ ताठ. आईला बघून उठून उभी राहिली, जशी ती आता सगळ्यांसाठीच उभी राहायची. श्यामला समोर बसली. मोबाईल टेबलावर ठेवला.

"पेपर बघितले," श्यामला म्हणाली.

इरावती परत खाली बसली.

"पाचवा प्रश्न बरोबर होता तुझा."

"माहीत आहे."

"मग खोडलास का?"

"तू गणिताची बाई आहेस. तुला वाटलं का, की चुकून खोडलं?"

"इरा, तुझ्या एनडीएचं काय? सत्तर लागतात, माहीत आहे ना तुला?"

"आहे की." इरावतीने टेबलावरचा एक भाताचा वाळका कण नखाने खरवडून काढला. ती शांतपणे, जणू मैदानावर कुणाला रस्ता सांगावा तशी बोलायला लागली. "पहिल्यांदा एक्क्याऐंशी पडले, नंतर चौऱ्याहत्तर. तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस आठवतंय? म्हणालीस, तुझे मार्क बघून वकीलबाई खूश झाल्या, चांगला मुद्दा मिळाला. त्यानंतर बाबा दोन महिने आला नाही. मी दर दुसऱ्या रविवारी फाटकापर्यंत जाऊन यायचे. मग चोपन्न पडले. ते खरे होते, आई. ते मी नव्हते पाडले. आणि बाबाचा फोन आला, बघच, आता तुला तिथनं काढतोच. म्हणजे बाबा आल्यावर मार्क घसरले की बाबा बंद, बाबा नसताना घसरले की कॉलेज बंद. वर गेले असते तरी कुणाला तरी मुद्दा मिळालाच असता."

"तसं नव्हतं गं—"

"तसंच होतं. मग मी बासष्ट पाडून बघितले. त्या महिन्यात कुणी काही केलं नाही. कोर्टात नाही, फोनवर नाही. बासष्टचं तुमच्या दोघांच्या वकिलांना काहीच करता येत नाही." तिने तो कण टेबलावरून टिचकीने उडवला. "मे महिन्यात घरी आले तेव्हा तुझ्या टेबलावरचा तक्ता पण बघितला. चोपन्नाची ओळ नव्हती त्यात."

श्यामलाच्या कानशिलांना गरम वाटायला लागलं. वर्गात पहिल्या वर्षी, फळ्यावर चुकीचं गणित सोडवून दाखवलं होतं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने उठून सांगितलं होतं, तेव्हाही असंच झालं होतं. पण तेव्हा फळा पुसता आला होता.

त्याच वेळी टेबलावरचा मोबाईल उजळला. दोघींनीही खाली बघितलं. अक्षरं मोठी होती, श्यामलाला चाळिशी लागल्यापासून ती तशीच ठेवायची.

'उत्तम! आता आपली बाजू भक्कम. मुलीचा जबाब पण घेऊ.'

इरावतीने ते वाचलं. मग आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर श्यामलाने कसाबसा सोसला असता. आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा एकदा खरी निघाली की माणूस बघतं, तसं ती बघत होती.

"पाठवलंस पण?" ती म्हणाली. "मला विचारायच्या आधी?"

श्यामलाने मोबाईल उपडा केला. करायचा तेव्हा केला नव्हता. आता करून काय उपयोग होता? तिने तोंड उघडलं, पण "माझं चुकलं" हे दोन शब्दसुद्धा त्या क्षणी पुरावा गोळा केल्यासारखे वाटले असते. भोजनगृहाच्या दारात तानाबाई उभी होती. तिने आत यायला पाऊल उचललं आणि आईचा चेहरा बघून तसंच मागे घेतलं.

"मला जायला हवं," इरावती उठत म्हणाली. "तीन वाजता कवायत आहे. आणि एक सांगते. यापुढे माझे मार्क तुम्हा दोघांना कळायला नकोत. मी मोकळेपणाने लिहीन, जेवढं येतं तेवढं सगळं लिहीन. पण मार्क माझे मला कळतील फक्त."

तिने टाचा जुळवल्या, वळली आणि निघून गेली.

श्यामला बाहेर आली तेव्हा गुरुप्रसाद फाटकाजवळ मोटरसायकलला टेकून उभा होता. तिला बघून त्याने भांडणाच्या तयारीने मान वर केली. पण तिचा अवतार बघून त्याची मान खाली आली.

"काय झालं? पोरगी बरी हाय न्हवं?"

तिने सगळं सांगितलं. पेपर, रेघा, बासष्ट. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मग तो एकदम म्हणाला, "म्हणजे बघ, तुझ्या त्या भेटी बंद करण्यानंच हे झालं. हे आता कोर्टात—"

"मलाही पहिल्यांदा तेच सुचलं," श्यामला म्हणाली. "फोटो काढून वकीलबाईंना पाठवलेसुद्धा. तिच्यासमोर उत्तर आलं. तिने वाचलं."

त्याने वाक्य अर्धवटच टाकलं. रस्त्यावरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या गेल्या.

"तक्त्यातनं मी एक ओळ गाळली होती," ती म्हणाली. "चोपन्नाची. तू आला नव्हतास आणि मार्क पडले होते, ती. मुद्दाम गाळली. एवढी वर्षं मुलींना शिकवते, आपल्या सोयीचं नाही म्हणून एखादी पायरी गाळायची नसते."

गुरुप्रसादने हेल्मेट हातात फिरवलं. तो म्हणाला, "चोपन्न पडल्याचं कळलं तवा मला बरं वाटलेलं, श्यामला. देवाशपथ सांगतो. वर्कशॉपात पोरांना म्हणालो, आता बघा हिची कशी जिरवतो ते. माझ्या पोरीला कमी पडले आणि मला बरं वाटलं."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिनेही त्याच्याकडे बघितलं नाही. नवराबायको असताना ती दोघं एकमेकांपुढे इतकी उघडी कधी पडली नव्हती, आणि आता पडली होती तर अंग झाकायला जागा नव्हती.

दोघं परत कर्नलसाहेबांकडे गेले. श्यामलाने उभ्यानेच सांगितलं. साहेबांनी पेपर मागवून घेतले, रेघा बघितल्या, बराच वेळ बघितल्या.

"खोडलेल्याचे मार्क मला देता येणार नाहीत, बाई."

"मागत नाही, साहेब. खोडलेलं तपासत नाहीत, हे मीच मुलींना सांगत असते."

"म्हणजे जानेवारीची तुकडी तिची हुकणार."

"हुकणार," ती म्हणाली. "फक्त तो शेरा काढा. घर तुटलं म्हणून मार्क गेले नाहीत. घर तुटल्यावर आम्ही दोघांनी जे केलं, त्याने गेले. आणि यापुढे तिचे निकाल आम्हाला कळवू नका. आम्ही तसं लिहून देतो."

गुरुप्रसादने सहीसाठी पेन मागितलं. साहेबांनी इरावतीला बोलावून घेतलं आणि विचारलं, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू? आईबापांकडे न बघता ती म्हणाली, "रिकामा ठेवा, सर." त्यांनी रकाना रिकामा ठेवला.

डिसेंबरात गुरुप्रसादने अर्ज मागे घेतला, श्यामलानेही कोर्टात दिलेलं आपलं उत्तर मागे घेतलं. संयोगिताबाई नाराज झाल्या. "हातातली केस सोडताय," म्हणाल्या. श्यामलाने त्यांना कारण सांगितलं नाही, सांगण्यासारखं तोंडही नव्हतं. दुसरा रविवार बाबाचा, चौथा आईचा, हे चालूच राहिलं. चौथ्या रविवारी श्यामला डबा घेऊन जायची. अभ्यासाचं काही विचारायची नाही. सुरुवातीला दोघींना बोलायला विषयच सापडेना. मग इरावती कवायतीतल्या गमती सांगायला लागली, तानाबाईच्या शिव्यांची नक्कल करायला लागली. श्यामला हसायची आणि हसता हसता तिला वाटायचं, ही अख्खी पोरगी होती, आणि आपण दीड वर्ष हिच्यातला एक आकडा तेवढा उचलून नेत होतो.

फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा झाली. मे महिन्यात, सुट्टी असूनही प्रवेशाच्या कामासाठी श्यामला शाळेत आली होती, त्या दिवशी निकाल लागला. एक वाजता शिक्षकांच्या खोलीतली झाडून सगळी माणसं मोबाईलवर वाकली. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा. श्यामलानेही निकालाचं पान उघडलं. पानावर दोनच चौकटी होत्या. एकीत बैठक क्रमांक टाकायचा, दुसरीत आईचं नाव. आईचं नाव तिला ठाऊक होतं. तिने ते टाकलंही. बैठक क्रमांक तिला कुणी सांगितला नव्हता.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय गं, लागला का? किती पडले इरावतीला?"

"माझ्याकडे नंबर नाही," श्यामला म्हणाली.

बाईंना ते खरं वाटलं नाही. आईकडे पोरीचा नंबर नाही? त्यांनी दुसऱ्या एका बाईंकडे बघितलं. श्यामलाने ते बघणं बघितलं आणि मान खाली घातली. पोरीने दाखवलेल्या अविश्वासाची लाज वाटत होती, आणि तो अविश्वास आपण कमावलेला आहे याची त्याहून जास्त.

दोन वाजता गुरुप्रसादचा फोन आला. "तुझ्याकडं नंबर हाय काय?"

"नाही."

"माझ्याकडं बी न्हाय." मग म्हणाला, "कॉलेजात ओळख काढली तर मिळंल. काढू?"

"नको, गुरु."

"मी बी तेच म्हणणार हुतो. नुसतं इचारलं."

चार वाजता इरावतीचा फोन आला. तिने दोघांना एकाच वेळी जोडून घेतलं होतं. मागून निकालासाठी कॉलेजात जमलेल्या मुलींचा गलका ऐकू येत होता.

"आई, बाबा, दोघंही आहात ना? अडुसष्ट टक्के. गणितात ब्याण्णव. रसायनशास्त्रात अगदी काठावर, ते मला खरंच येत नव्हतं. खोडलेलं काही नाही." ती भराभर बोलत होती. "आणि सप्टेंबरात एनडीएची लेखी देणार आहे. अर्ज मी स्वतः भरणार. त्याचा निकाल सांगायचा की नाही, ते तेव्हा बघेन."

"चांगलं झालं की गं," गुरुप्रसाद म्हणाला. "रसायनशास्त्र म्हणजे आमच्या त्या कोर्टाच्या—"

"बाबा."

"न्हाय न्हाय. काय न्हाय."

श्यामलाच्या जिभेच्या टोकावरही एक कारण येऊन थांबलं होतं. कोर्टाच्या तारखांची ओढाताण, वाया गेलेले महिने. तिने ते गिळलं.

"ऐकतेय, इरा," ती म्हणाली.

"बस एवढंच. ठेवते, मावशीने शिरा केलाय."

फोन बंद झाला असं वाटून श्यामला तो खाली ठेवायला गेली, तर गुरुप्रसाद अजून ओळीवरच होता. त्याच्या वर्कशॉपातल्या मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"ठेवतो," तो म्हणाला.

"ठेव," ती म्हणाली.